मेंदूचा दाह आणि शरीराची जाळरेषा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे लेखाची मागणी केली तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. इतिहासाचा शिक्षक म्हणजे त्याने चांद्याच्या किल्ल्यावर लिहावे, गोंड राजांवर लिहावे, फार तर 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपुरात झालेल्या धम्मदीक्षा सोहळ्यावर लिहावे. त्या विषयांवर लिहिणारे माझ्याहून अधिकारी सहकारी याच अंकात आहेत. मी मात्र निराळा विषय निवडला आहे. निवासी शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला अभ्यासक्रमापेक्षा मुलांच्या तापाचा इतिहास अधिक पाठ असतो. पोंभुर्ण्याच्या या जंगलपट्टीत पावसाळा सरता सरता वसतिगृहात ताप येतोच. बहुतेक ताप चार दिवसांत उतरतात, काही हिवतापाचे निघतात. एखादाच ताप असा असतो की तो अंगात न राहता डोक्यात चढतो. त्या तापाविषयी, आणि त्याच्याशी शरीर कसे झुंजते याविषयी, पालकांना व वसतिगृह अधीक्षकांना कळेल अशा भाषेत लिहावे असे अनेक वर्षे मनात होते.

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. आतल्या दोन आवरणांच्या मध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळता असतो. प्रौढ माणसात तो एका वेळी साधारण 150 मिलीलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे अर्धा लिटर नव्याने तयार होऊन तितकाच रक्तात परत शोषला जातो. या आवरणांना व द्रवाला जीवाणूंची लागण झाली की त्याला मस्तिष्कावरणदाह म्हणतात. डॉक्टर त्याला मेनिंजायटिस म्हणतात, आपल्याकडे लोक सरसकट मेंदूज्वर म्हणतात. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस यांसारखे जीवाणू हा आजार काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उग्र करतात. क्षयरोगाचा जीवाणू तेच काम दोन-तीन आठवडे दबा धरून करतो. आपल्या भागात या दुसऱ्याची धास्ती जास्त, कारण तो मलेरियाच्या, टायफॉइडच्या, साध्या अशक्तपणाच्या वेषात येतो.

या विषयाकडे मी वळलो तो एका बापाच्या प्रश्नामुळे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. सातवीतला एक मुलगा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुटीनंतर गावाहून परतला तो मलूल होऊनच. संध्याकाळी बारीक ताप, जेवणाकडे पाठ, एरवी हसतमुख असलेला पोरगा कुणी बोलले तरी चिडायचा. एका दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या झाल्या, दुसऱ्या दवाखान्यात सलाईन झाले. दहाव्या-अकराव्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि एक डोळा तिरळा दिसू लागला. आम्ही त्याला गाडी करून नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासले. पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, प्रथिने वाढलेली, साखर घटलेली. मेंदूच्या आवरणांचा क्षयरोग असे निदान झाले आणि त्याच दिवशी औषधे सुरू झाली.

आठवडा बरा गेला. नंतर मुलगा पुन्हा ग्लानीत गेला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला. त्याचे वडील मोलमजुरी करणारे, मितभाषी गृहस्थ. वऱ्हांड्यात माझ्याजवळ येऊन ते म्हणाले, “सर, दवाई सुरू झाली ना पोट्टा आखीन बिघडला. मंग हे दवाई द्याची कायले? मी नेतो त्याले घरी.” औषधाने जीवाणू मरत असतील तर मूल बिघडते का, हा प्रश्न अडाण्याचा नव्हता. वैद्यकशास्त्राला तो प्रश्न सुटायला कित्येक दशके लागली आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या एका तरुण डॉक्टरने बापाला जवळ बसवून सांगितले, “काका, जंतू मरत आहेत. पण मेलेल्या जंतूंवर त्याचं स्वतःचं शरीर अजून तुटून पडतंय. ती सूज आपल्याला आवरायची आहे.” वडील थांबले. हे एक वाक्य त्या मुलाच्या जिवाला कारण झाले, असे मी आजही मानतो. त्या वाक्यात जे दडलेले आहे ते उलगडून सांगणे हाच या लेखाचा हेतू.

‘दाह’ ही संकल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. शतकानुशतके दाह म्हणजेच रोग असे मानले गेले. 1882 मध्ये दोन घटना घडल्या. त्या वर्षी 24 मार्च रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जीवाणू शोधल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीतील मेसिना येथे एल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि शरीरातल्या फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. परक्याला गिळणाऱ्या पेशी शरीरात असतात आणि दाह हा त्यांच्या कामाचा भाग आहे, हे त्यांनी मांडले. म्हणजे दाह हा रोग नसून बचाव आहे. या विचारासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले. एका वर्षात शत्रू सापडला आणि राखणदारही सापडला. राखणदार घराचेच नुकसान करू शकतो, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

आपल्या भागातल्या वाचकाला हे समजावण्यासाठी मला जंगलाचेच उदाहरण जवळचे वाटते. उन्हाळा लागण्यापूर्वी वनविभागाचे मजूर जंगलात पट्टे आखून त्यांतील पालापाचोळा मुद्दाम जाळून टाकतात. त्याला जाळरेषा म्हणतात. पुढे मोहफुलांच्या हंगामात कुठे वणवा पेटलाच तर तो त्या जळक्या पट्ट्याशी येऊन थांबतो. आग तीच असते. वेळेवर, आखलेल्या जागेत आणि माणसांच्या देखरेखीखाली पेटवली तर ती जंगल राखते. वारा सुटल्यावर, पहारा नसताना पेटली तर तीच वणवा होते. शरीराचा दाह या दोन्ही रूपांत वावरतो. जाळरेषा किती रुंद असावी, केव्हा पेटवावी आणि केव्हा विझवावी हे ठरवणारी यंत्रणा शरीरात असते. तिलाच दाहाचे नियमन म्हणतात.

पायाला काटा रुतला आणि पाय सुजला तर सुजेला फुगायला जागा असते. मेंदू कवटीच्या टणक पेटीत बंद आहे. तिथे थोडी सूज आली तरी दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो. म्हणून निसर्गाने मेंदूपुरता दाहाला मोठा अटकाव करून ठेवला आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातले वाटेल ते पदार्थ आत शिरू शकत नाहीत. मेंदूभोवतीच्या द्रवात लढाऊ पेशी फारच थोड्या असतात, प्रतिपिंडे व इतर संरक्षक प्रथिनेही रक्ताच्या मानाने अत्यल्प असतात. पहाऱ्याला असतात त्या मुख्यतः मेंदूच्याच मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. शांततेच्या काळात ही व्यवस्था उत्तम आहे. पण एखादा जीवाणू ही तटबंदी ओलांडून आत आला तर सुरुवातीला त्याला अडवणारे कोणीच नसते. तो भराभर वाढतो. मायक्रोग्लिया व इतर पेशींना जीवाणूच्या भिंतीचे तुकडे ओळखू येतात आणि त्या टीएनएफ, इंटरल्युकिन-1 यांसारखी संदेशद्रव्ये सोडून रक्तातल्या सैन्याला हाक घालतात. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी लोटतात, त्यांच्याबरोबर पाणी व प्रथिनेही आत शिरतात. उशिरा आलेली आणि त्यामुळेच बेफाम झालेली ही कुमक जीवाणूंइतकीच मेंदूलाही इजा करते.

त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळू लागते. न्यूमोकोकससारख्या जीवाणूवर प्रतिजैविकाचा मारा झाला की जीवाणू फुटतात आणि त्यांच्या भिंतींचे तुकडे एकदम द्रवात मोकळे होतात. शरीराला जीवाणू जिवंत आहे की मेलेला याची पर्वा नसते, त्याला तुकडे दिसतात. म्हणून औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर दाह काही काळ उसळतो. हे ध्यानात आल्यावर डॉक्टरांनी प्रतिजैविकाच्या आधी किंवा त्याच्यासोबतच दाह शमवणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पाहिले. 2002 मध्ये युरोपातील पाच देशांत 301 प्रौढ रुग्णांवर झालेला असा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड न मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण 15 टक्के होते, मिळालेल्या गटात ते 7 टक्क्यांवर आले. तोच उपाय आफ्रिकेतील मलावी देशात करून पाहिला तेव्हा मात्र फायदा दिसला नाही. तिथले बहुसंख्य प्रौढ रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि पुष्कळ जण आजार खूप बळावल्यावर रुग्णालयात पोचले होते. एकच औषध दोन समाजांत दोन परिणाम दाखवते, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

क्षयरोगाच्या मेंदूज्वराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या महाराष्ट्रात लिहिला गेला आहे. अमेरिकेतील अर्नोल्ड रिच व हॉवर्ड मॅकॉर्डक यांनी 1933 मध्ये दाखवले की क्षयाचे जीवाणू बहुधा रक्तातून थेट आवरणांवर हल्ला करत नाहीत. ते आधी मेंदूत किंवा आवरणात एका छोट्या गाठीत कोंडलेले असतात आणि ती गाठ फुटली की आजार सुरू होतो. म्हणजे शरीराने उभारलेला कोंडवाडा काही काळ टिकलेला असतो. गाठ फुटल्यावर मेंदूच्या तळाशी सरसासारखा घट्ट स्राव साचतो. त्याच भागातून डोळे फिरवणाऱ्या नसा जातात, म्हणून मूल तिरळे पाहू लागते. द्रवाचे मार्ग तुंबतात आणि डोक्यात पाणी साचते. रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजून आतला मार्ग अरुंद होतो, त्या बंद पडल्या की मेंदूचा तेवढा भाग मरतो. आमच्या विद्यार्थ्याचा हात गेला तो असा.

मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय समूहात 1960 च्या दशकात बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूविकृतिशास्त्राचे अभ्यासक डॉ. दाराब दस्तूर यांनी क्षयरोगी मुलांच्या आजाराची आणि मृत मुलांच्या मेंदूंची बारकाईने तपासणी केली. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. काही मुलांना झटके येत, ती बेशुद्धीत जात आणि दगावत, पण त्यांच्या आवरणांवर दाहाची खूण नसे किंवा अगदी थोडी असे. पाठीच्या पाण्याची तपासणीही जवळजवळ निर्दोष येई. मेंदूचा पांढरा भाग मात्र सुजलेला असे, तंतूंवरचे आवरण झिजलेले असे. जिथे जीवाणू जवळपास नाहीत तिथे ही हानी कोणी केली? क्षयाच्या जीवाणूतील प्रथिनांविरुद्ध शरीराची जी अतितीव्र प्रतिक्रिया उठते तिचा हा परिणाम असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. या विकाराला त्यांनी क्षयजन्य मस्तिष्कविकृती असे वेगळे स्थान दिले आणि 1966 व 1970 मध्ये त्यांचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात गरिबांच्या मुलांवर उपचार करता करता झालेले हे संशोधन आहे. टीएनएफसारख्या द्रव्यांची नावेही ठाऊक नसलेल्या काळात या दोघांनी राखणदाराच्या हातून होणाऱ्या हानीकडे बोट दाखवले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

मग दाह पूर्ण विझवून टाकला तर? हा मोह शास्त्रज्ञांनाही पडला. दक्षिण आफ्रिकेत क्षयजन्य मेंदूज्वराच्या मुलांना टीएनएफ दाबणारे थॅलिडोमाइड देऊन पाहिले गेले. औषध घेणाऱ्या मुलांतच दुष्परिणाम व मृत्यू झाले आणि तो अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. तिकडे सांधेदुखीच्या रुग्णांना टीएनएफ रोखणारी नवी इंजेक्शने मिळू लागली तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात निपचित पडलेला क्षयरोग उफाळून आल्याचे 2001 मध्ये नोंदवले गेले. टीएनएफ नाहीसा झाला की गाठीचा कोंडवाडा ढासळतो. जाळरेषाच आखली नाही तर वणव्याला रान मोकळे.

या कोड्याचा फार सुंदर उलगडा बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेने झेब्रा माशांच्या साहाय्याने केला. या माशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आत चाललेली झुंज सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पाहता येते. 2010 व 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून असे दिसले की दाह फार कमी असला तर गिळणाऱ्या पेशींच्या पोटातच जीवाणू माजतात. दाह फार वाढला तर त्या पेशीच फुटतात आणि मोकळे झालेले जीवाणू बाहेर अधिक जोमाने वाढतात. दोन उलट्या कारणांचा शेवट एकच. दाहाचे प्रमाण ठरवणाऱ्या एका जनुकाची निरनिराळी रूपे माणसांतही असतात. व्हिएतनाममधील क्षयजन्य मेंदूज्वराच्या रुग्णांत पाहिले असता, ज्यांचा दाह जनुकतःच तीव्र होता त्यांना स्टेरॉइडचा लाभ झालेला दिसला. इंडोनेशियातील रुग्णांत हा संबंध तसाच आढळला नाही, म्हणून हा प्रश्न अजून अभ्यासाचा आहे. पण सर्वांना एकाच मापाचा उपचार पुरत नाही, एवढी जाणीव त्यातून रुजली. त्याआधी 2004 मध्ये व्हिएतनाममध्येच 14 वर्षांवरील 545 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात क्षयरोगाच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे 41 टक्क्यांवरून 32 टक्क्यांवर आले होते. वाचलेल्यांतील अपंगत्व मात्र त्याने फारसे कमी झाले नाही. आमच्या विद्यार्थ्यालाही ही दोन्ही औषधे मिळत होती. तो वाचला आणि त्याचा हात मात्र पुरता परतला नाही, ही दोन्ही विधाने त्या आकडेवारीत बसतात.

शरीर स्वतः दाह आवरते तरी कसे? पूर्वी समज असा होता की शत्रू संपला की दाह आपोआप ओसरतो. आता कळते की विझवणे हे पेटवण्याइतकेच खटपटीचे काम आहे. दाहाची वर्दी मेंदूला पोचली की मेंदूच्या तळातून निघालेला हुकूम मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतात. डॉक्टर देतात ते स्टेरॉइड म्हणजे याच संप्रेरकाचा बलवान भाऊबंद. इंटरल्युकिन-10 नावाचे संदेशद्रव्य लढाऊ पेशींना हात आखडता घ्यायला सांगते. काम संपलेल्या पांढऱ्या पेशी ठरलेल्या क्रमाने मरण पत्करतात आणि दुसऱ्या पेशी त्यांना गिळून जागा स्वच्छ करतात. शिवाय प्रतिकारयंत्रणेतच ‘नियामक’ पेशींचा एक वर्ग असतो. या पेशी इतर पेशींना आपल्याच शरीरावर उलटू देत नाहीत. त्यांच्या शोधाबद्दल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्षयासारख्या दीर्घ आजारात या नियामकांचे कामही अवघड होते. त्यांनी लवकर आवर घातला तर जीवाणू टिकतो, उशिरा घातला तर मेंदू जातो.

इथपर्यंतचे विवेचन शरीराच्या आतले झाले. परंतु ज्या शरीरात हे नियमन चालते ते कोणत्या घरात राहते आणि काय खाते, हा प्रश्न विज्ञानाच्या बाहेरचा नाही. उपाशी शरीराला जाळरेषा आखायलाही बळ नसते आणि आवरायलाही नसते. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा धान्य व डाळ यांची शिधापेटी पुरवली, तेव्हा त्या घरांतील नव्या क्षयरोगाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. लस नव्हे, गोळी नव्हे, पोटभर अन्न. शासनाच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 रुपये झाले आहेत. हा हक्क आहे, उपकार नव्हे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक रुग्णाच्या खात्यात तो जमा होतो की नाही हे पाहणे शिकलेल्या मंडळींचे काम आहे.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने तर या बाबतीत जगाला धडा दिला आहे. नवजात बाळाला रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणांत जंतुसंसर्ग होतो तेव्हा मोठ्या माणसासारखी ठळक लक्षणे दिसत नाहीत. त्याची प्रतिकारयंत्रणा अपुरी वाढलेली असते, टाळू उघडी असते. मान ताठ होत नाही, पुष्कळदा तापही येत नाही. बाळ फक्त दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, हातपाय ढिले पडतात. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील स्थानिक स्त्रियांना हीच लक्षणे ओळखायला आणि गरज पडल्यास घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. बाळाच्या शरीराला जो इशारा मोठ्याने देता येत नव्हता तो गावातल्या स्त्रीने ऐकला. हे ज्ञान पदवीधारकांच्याच मालकीचे असते, असे मानणाऱ्यांनी गडचिरोलीची ती गावे आठवावीत.

आमचा विद्यार्थी वर्षभर गोळ्या घेत राहिला. त्याच्या आईने दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारली आणि एकही दिवस चुकवला नाही. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. दहावीला लेखनिक मिळण्याची सोय होती, त्याने ती नाकारली आणि वाढीव वेळ तेवढा घेतला. आज तो स्वतःच्या पायांवर उभा आहे. त्याच्या वडिलांनी त्या रात्री त्याला घरी नेले असते तर हा परिच्छेद मला लिहिता आला नसता.

शेवटी पालक, अधीक्षक आणि मोठ्या वर्गांतील विद्यार्थी यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्टपणे सांगतो.

जन्मतः टोचली जाणारी बीसीजी लस फुप्फुसाच्या क्षयापासून मोठ्यांना फारसे संरक्षण देत नाही, पण लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून ती चांगले संरक्षण देते, म्हणून ती चुकवू नये. हिब व न्यूमोकोकस यांच्या लसी शासकीय लसीकरणात मोफत आहेत, त्याही पूर्ण कराव्यात.

ताप आणि डोकेदुखी यांच्या जोडीला उलट्या, मान छातीला न टेकणे, उजेड सहन न होणे, झटका, ग्लानी किंवा अंगावर जांभळे ठिपके दिसले तर सकाळची वाट पाहू नये. हे काही तासांचे काम असते. त्याच रात्री 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दोन आठवडे बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे आणि मुलाचा स्वभाव एकाएकी बदलणे यांकडे ‘अभ्यासाचा कंटाळा’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणून पाहू नये. घरात कुणाला खोकला किंवा क्षयरोग आहे का, हे विचारावे आणि डॉक्टरांना न विचारता सांगावे.

पाठीतून पाणी काढल्याने लकवा होतो ही समजूत निराधार आहे. ही तपासणी 1891 पासून होत आली आहे. ती केव्हा करावी व केव्हा टाळावी हे डॉक्टर पाहून ठरवतात. निदान तिच्यावाचून अडते, म्हणून नकार देऊ नये.

आणि औषध सुरू झाल्यावर मूल काही दिवस बिघडल्यासारखे दिसले तर औषध बंद करू नये, स्टेरॉइडही मनाने थांबवू नये वा वाढवू नये. डॉक्टरांना गाठून विचारावे की ही रोगाची वाढ आहे की शरीराचा दाह. तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. एका मजूर बापाने तो नागपूरच्या वऱ्हांड्यात विचारला होता, आणि कुणीतरी थांबून त्याला उत्तर दिले म्हणून त्याचे मूल घरी परत आले.